वरच्या सुरांसाठी ट्रम्पेटचा माउथपीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा वरचा सूर लागत नाही. माउथपीस बदलला तर लागेल का?

माउथपीस म्हणजे ट्रम्पेटचा ओठांना टेकवून फुंकायचा, सुटा निघणारा भाग. आज अजिबात न लागणारा सूर उद्या नव्या माउथपीसने लागेल, असं सहसा होत नाही. होतं ते वेगळं. जो सूर दहातून चार वेळा लागतो तो सात वेळा लागू शकतो. जो लागतो पण बोथट येतो, तो धारदार येऊ शकतो. आणि ज्याच्यासाठी ओठ पिळवटून काढावे लागतात, तो तासभर जास्त टिकू शकतो. हा फरक लहान नाही, पण तो आधीपासून हाताशी असलेल्या सुरांवरच पडतो.

मी हे पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक अगदी उथळ वाटीचा माउथपीस घेतला. पहिल्या संध्याकाळी हाय डी हा फार वरचा सूर असा सुटला की घरातले बाहेर येऊन बघायला लागले. तिसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. मध्यंतरापर्यंत सगळं झकास चाललं. मध्यंतरानंतर मात्र स्टाफच्या (सूर लिहायच्या पाच रेघांच्या) लगेच वरचा जी सुद्धा लागेना, नुसती हवा फुसफुसत होती. पहिल्या पंधरा मिनिटांत माउथपीस जे दाखवतो ते बहुतेक वेळा खोटं असतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

‘हाय नोट’ नेमकी कुठून सुरू होते?

ट्रम्पेटवाले ‘हाय सी’ म्हणतात तो स्टाफच्या वर दुसऱ्या जादा रेघेवर लिहिलेला सी. नेहमीच्या ट्रम्पेटवर, म्हणजे बी फ्लॅट ट्रम्पेटवर, लिहिलेला सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो, म्हणजे सुमारे ९३२ हर्ट्झ. ओठ सेकंदाला नऊशेहून जास्त वेळा उघडमीट करतात. त्याच्या वरचा सप्तक म्हणजे ‘डबल सी’, सुमारे १,८६५ हर्ट्झ.

अडचण नुसत्या उंचीची नसते. कोणताही वॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायची कळ, न दाबता खालच्या भागात सी, जी, सी, ई असे सूर एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर असतात. हाय सी हा त्या मालिकेतला आठवा स्वर. तिथून पुढे सी, डी, ई असे सूर खांद्याला खांदा लावून उभे असतात. ओठांचा ताण केसभर चुकला की शेजारचा सूर लागतो किंवा सूर फाटतो. आणखी वर गेल्यावर, साधारण १,२०० ते १,५०० हर्ट्झच्या पुढे, घंटेच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या रुंद पुढच्या टोकाच्या, तोंडातून ध्वनी जवळजवळ सगळा बाहेर निघून जातो, आत परतून ओठांना आधार देणारा भाग फार थोडा उरतो. हाय जी सुमारे १,३९७ हर्ट्झचा, म्हणजे नेमका या पट्ट्यातला. त्याच्या पुढे वाद्य तुम्हाला सूर ‘पकडून’ देत नाही, तो तुम्हालाच ओठांत धरून ठेवावा लागतो. माउथपीसकडून अपेक्षा ठेवताना हे ध्यानात असू द्या.

माउथपीसचे कोणते भाग वरच्या सुरांवर परिणाम करतात?

ओठांना टेकते ती कड म्हणजे रिम. तिच्या आतली वाटी म्हणजे कप. वाटीच्या तळाचं भोक म्हणजे थ्रोट, आपण त्याला घसा म्हणू. त्यानंतर आतून रुंदावत जाणारी बोळकांडी म्हणजे बॅकबोअर, आणि वाद्यात शिरणारा बाहेरचा दांडा म्हणजे शँक.

महत्त्वाच्या क्रमाने सांगायचं तर, थकवा रिम ठरवते, आवाजाचा रंग आणि वरच्या सुरांची सुलभता कप ठरवतो, आणि हवेला किती अडवायचं ते घसा आणि बॅकबोअर मिळून ठरवतात. बहुतेक लोक कपापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात रिमपासून करावी.

कप उथळ केला की नेमकं काय होतं?

एक प्रयोग करा. माउथपीस वाद्यातून काढा आणि त्याची रिम तळहातावर हलकेच आपटा. ‘पॉप’ असा आवाज येतो आणि त्याला स्वतःची एक पट्टी असते. आता खोल कपाचा माउथपीस आपटा. पट्टी उतरलेली ऐकू येईल. कपातली हवा आणि घशातली हवा मिळून हा सूर ठरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर येणाऱ्या सुरासारखीच ही गोष्ट आहे: पोकळी लहान, तर सूर वरचा.

वाद्याला जोडल्यावर हा पॉपचा सूर ज्या भागात असतो, त्याच्या आसपासच्या सुरांना वाद्य जास्त दाद देतं. कप उथळ झाला की हा आधाराचा पट्टा वर सरकतो. म्हणून हाय सी आणि त्याच्या आसपासचे सूर पटकन बोलतात, आणि प्रत्येक सुरातले वरचे अंशस्वर वाढल्यामुळे आवाज चमकदार होतो. मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेटची पहिली ओळ वाजवणारे याच चमकेसाठी उथळ कप घेतात. तीच ताकद लावून आवाज बाकीच्या वाद्यांना कापत पुढे जातो, त्यामुळे दम वाचतो.

याची किंमतही आहे. खालचे सूर पातळ होतात, खालच्या सीच्या खाली तर पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाटतं. सगळं वाद्य थोडं चढं बोलतं, म्हणून ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायला मागेपुढे सरकणारी नळी) जास्त बाहेर ओढावी लागते. आणि वरचा सप्तक खालच्या सप्तकापेक्षा जास्त चढतो, स्लाइड कितीही हलवली तरी ही आपसातली तफावत जात नाही. सूर लागला या आनंदात तो चढा लागला हे वाजवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, शेजारी बसलेल्याच्या येतं.

‘ओठ तळाला टेकतात’ असं म्हणतात, ते काय?

वाजवताना ओठांचा थोडा भाग कपाच्या आत फुगतो. कप फार उथळ असला की हा भाग तळाला किंवा बाजूच्या उताराला चिकटतो आणि कंपन थांबतं. सूर हळूहळू बिघडत नाही, दिवा मालवावा तसा एकदम जातो. हेच मुख्य लक्षण. ताज्या ओठांनी मजेत वाजणारा माउथपीस अर्ध्या तासाने अचानक मुका होतो, कारण ओठ थकून सुजतात, जास्त आत येतात आणि टेकतात. मध्यंतरानंतर माझं झालं ते हेच.

ज्यांचे ओठ भरदार त्यांना हा त्रास लवकर होतो. पण नुसत्या खोलीचं माप बघून अंदाज येत नाही. एकाच खोलीचे दोन कप घ्या: एकाची भिंत रिमपासून सरळ खाली उतरते आणि तळ सपाट असतो, दुसऱ्याची रिमपासूनच तिरकी आत येते. पहिल्यात ओठांना जागा मिळते, दुसऱ्यात ते लवकर अडतात. तेव्हा उथळ कप सोसत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी वेगळ्या आकाराचा उथळ कप वाजवून पाहा.

ओठ जास्त आत जाण्यामागे सवयही असते. तोंडाचे कोपरे सैल ठेवून मधला भाग पुढे ढकलायची सवय असेल, तर उथळ कप ती चूक लगेच उघडी पाडतो. खोल कपात ती वर्षानुवर्षं लपून राहते.

व्यास लहान घ्यावा का?

लहान व्यासात ओठांचा कमी भाग कंप पावतो आणि स्नायूंना कमी भाग सांभाळावा लागतो, म्हणून काहींना वर सोपं जातं. काहींचे ओठ तिथे कोंडल्यासारखे होतात आणि उलट अडतं. ओठांची जाडी, दातांची ठेवण, रिम कुठे टेकते, यांवर सगळं अवलंबून. माझा अनुभव असा की खोली बदलल्याने जितका फायदा होतो त्याच्या पावभरही व्यास बदलल्याने होत नाही, आणि जुळवून घ्यायला मात्र व्यासालाच जास्त दिवस लागतात. सध्याचा व्यास सुखाचा असेल तर तो सोडू नका.

७सी, ३सी, १४ए४ए हे आकडे वाचायचे कसे?

इथे जाणते लोकही चुकतात, कारण सगळ्या कंपन्यांची भाषा एक नाही.

‘बाख’ हे नाव व्हिन्सेंट बाख या ऑस्ट्रियात जन्मलेल्या ट्रम्पेटवादकाचं. इंजिनिअरिंग शिकलेल्या या माणसाने १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली. (संगीतकार योहान सेबास्टियान बाखचा या कंपनीशी संबंध नाही. हा प्रश्नही येतो.) बाखच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा: १सी सुमारे १७ मिमी, ३सी १६.३० मिमी आणि ७सी १६.२० मिमी. अक्षर खोली सांगतं: ए सगळ्यांत खोल, पुढे बी, सी, डी, ई असं उथळ होत जातं. म्हणजे ३सी वाजवणाऱ्याला तोच व्यास ठेवून उथळ कप हवा असेल तर ३डी किंवा ३ई शोधावा.

शिल्के आणि यामाहा यांच्याकडे नेमकं उलट. तिथे आकडा वाढला की व्यास वाढतो, आणि ए म्हणजे सगळ्यांत उथळ, ई म्हणजे सगळ्यांत खोल. अक्षरानंतरचा आकडा रिमचा आकार सांगतो: १ कडे गोलसर, ५ कडे सपाट. शेवटचं अक्षर बॅकबोअरचं: ए अरुंद, ई रुंद. आता १४ए४ए उलगडतो: मध्यम व्यास, उथळ कप, काहीशी सपाट रिम, अरुंद बॅकबोअर. वरच्या सुरांच्या कामासाठी हा आकार फार लोकप्रिय आहे.

बाखचा ए आणि यामाहाचा ए ही दोन टोकं आहेत, एवढं पाठ केलंत तरी बरेच पैसे वाचतील. आणि १६.२० आणि १६.३० मध्ये फरक दशांश मिलिमीटरचाच असला तरी ७सी आणि ३सी ओठांना खूप वेगळे लागतात, कारण दोघांच्या रिमचा आकार वेगळा आहे. नुसत्या मापाच्या तक्त्यावरून माउथपीस निवडणं हे पत्रिका बघून लग्न ठरवण्यासारखं आहे.

रिम कशी असावी?

रुंद रिम दाब पसरवते, म्हणून जास्त वेळ टिकता येतं, पण सुरावरून सुरावर उडी मारायची चपळाई थोडी कमी होते. अरुंद रिम चपळ, पण रुतते. आतल्या कडेला धार असेल तर सुराची सुरुवात स्वच्छ होते आणि ओठ नेमके कुठे आहेत ते कळतं, पण दाबून वाजवण्याची सवय असेल तर तीच धार कापते. अर्धा तास वाजवल्यावर आरशात बघा. ओठांवर फिकट वळ दिसणं साधारण आहे. खोल, लाल, मिनिटं गेली तरी न जाणारी खूण दिसली तर रिम चुकीची आहे, किंवा दाब फार आहे. बहुधा दोन्ही.

घशाचं माप कमी केलं तर?

घशाची मापं ड्रिलच्या नंबरांनी सांगतात, आणि इथेही नंबर वाढला की भोक लहान होतं. २७ नंबर, म्हणजे सुमारे ३.६६ मिमी, हे बाखचं नेहमीचं माप. २८ नंबर सुमारे ३.५७ मिमी, २६ नंबर सुमारे ३.७३ मिमी. फरक एक दशांश मिलिमीटरहूनही कमी, तरी वाजवणाऱ्याला तो जाणवतो.

लहान घसा हवेला अडवतो. वरच्या सुराला हवा कमी लागते पण जोराची लागते, म्हणून थोडा अडथळा ओठांना टेकू देतो. तो जास्त झाला की छातीत हवा तुंबते. वाजवणारा गुदमरल्यासारखा होतो आणि कळत नाही की दम कमी पडतोय की दम बाहेरच जात नाहीये. वाक्य संपल्यावर शिळी हवा सोडण्यासाठी आधी श्वास टाकावा लागत असेल, तर अडथळा फार आहे असं समजा.

कुणी घसा ड्रिलने मोठा करून देतो म्हणालं तर जपून. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

बॅकबोअरचं काय?

अरुंद बॅकबोअर आवाज बांधीव आणि धारदार ठेवतो, रुंद बॅकबोअर पसरट आणि गडद. उथळ कपाबरोबर घसा आणि बॅकबोअर दोन्ही फार अरुंद झाले तर वाद्य बंद पडल्यासारखं होतं. म्हणून उथळ कपाच्या काही माउथपीसना मुद्दाम थोडा मोकळा घसा देतात.

गॅप म्हणजे काय? मी तो बघावा का?

शँक वाद्यात शिरल्यावर त्याचं टोक आणि आतल्या नळीची सुरुवात यांत थोडी मोकळी जागा राहते, तोच गॅप. बऱ्याच ट्रम्पेटवर तो ३ मिलिमीटरच्या आसपास असतो. वरचे सूर पकड सोडत असतील, म्हणजे सूर लागतो पण डुलतो, तर गॅप तपासायला हरकत नाही. शँकवर कागदाची बारीक पट्टी गुंडाळून माउथपीस किंचित बाहेर ठेवून वाजवा. लगेच फरक कळला तर शोध पुढे न्यायचा, नाही कळला तर विषय सोडून द्यायचा. मी सोडून दिला.

निवडताना माउथपीस तपासायचा कसा?

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे माउथपीस हातात घेऊन पहिल्याच फुंकरीत हाय सी काढणं. मी असा तपासतो.

आधी स्वतःच्या जुन्या माउथपीसवर वीस मिनिटं वाजवून ओठ नेहमीच्या स्थितीत आणायचे. मग नवा लावून स्टाफच्या वरचा जी अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू करायचा. हळू आवाजात सूर हवेच्या फुसफुशीशिवाय लगेच बोलला तर माउथपीस ओठांना मानवतोय. जोरात वाजवून काही कळत नाही, जोरात सगळेच माउथपीस चांगले वाटतात. मग खाली उतरून सगळ्यांत खालच्या एफ शार्पपर्यंत जायचं. तळ पूर्ण गेला असेल तर तो माउथपीस फक्त एका कामापुरता उरतो.

सूर तपासताना सुरांची उंची दाखवणाऱ्या ट्यूनरकडे बघत वाजवू नका, डोळे सुईच्या मागे ओठांना ओढतात. डोळे मिटून सूर लावा, स्थिर झाला की उघडा. मधला जी, वरचा सी, वरचा जी आणि हाय सी यांतली तफावत लिहून ठेवा. जुन्या माउथपीसवर हेच करा आणि आकडे शेजारी ठेवा.

नंतर कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं करा आणि न सांगता माउथपीस बदलत वाजवा. वाजवणाऱ्याला कानाशी प्रचंड वाटणारा फरक समोरच्याला कित्येकदा जाणवतच नाही. तसं असेल तर निवड आरामावर करा.

आणि शेवटची, सगळ्यांत टाळली जाणारी परीक्षा: नेहमीचा पूर्ण सराव त्याच माउथपीसवर करा आणि थकल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत, हाय सी काढा. जो माउथपीस थकलेल्या ओठांना साथ देतो तो घ्यावा, मग पहिल्या मिनिटाला तो दुसऱ्यापेक्षा साधा वाटला असला तरी. दर वेळी एकच गोष्ट बदला. रिम, कप आणि घसा तिन्ही एकदम बदलले तर फायदा कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही.

सवय व्हायला किती दिवस द्यावेत?

रिम तीच असेल तर काही दिवस पुरतात. रिम किंवा व्यास बदलला असेल तर दोन-तीन आठवडे रोज तोच वाजवा आणि मधेच जुन्याकडे पळू नका. तोंडावर कार्यक्रम असेल तर बदल करूच नका.

दोन माउथपीस ठेवावेत का?

ऑर्केस्ट्रातलं आणि मोठ्या बँडमधलं काम दोन्ही करणारे बरेच जण ठेवतात. रिम दोन्हींची एकच असावी आणि फक्त खोली बदलावी, म्हणजे ओठांना घर बदलल्यासारखं वाटत नाही. काही कंपन्यांची रिम फिरवून काढता येते आणि खाली वेगळा कप लावता येतो. सराव मात्र दोन्हींवर रोज हवा. कार्यक्रमाच्या दिवशीच पेटीतून बाहेर येणारा उथळ माउथपीस हमखास दगा देतो.

नवशिक्याने उथळ माउथपीस घ्यावा का?

नाही. मध्यम व्यास आणि मध्यम खोली, बाखच्या भाषेत ७सी, ५सी किंवा ३सी च्या आसपास. स्टाफच्या वरचा जी रोज, न दाबता, गोल आवाजात लागेपर्यंत हा विषयच काढू नये.

मग वर जायचं कसं?

लांब धरलेले हळू सूर, वॉल्व्ह न बदलता फक्त ओठ आणि जिभेने सूर बदलायचे लिप स्लर, आणि वाजवलं तितकीच विश्रांती. वर जाताना जिभेचा मधला भाग ‘आ’ कडून ‘ई’ कडे उचलला जातो. तो उचलला नाही तर सगळा भार दाबावर पडतो. दाबाने एक-दोन सूर जास्त मिळतात, पण ओठांतलं रक्त थांबतं. प्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ओठांना जोरकस वाजवण्यामुळे झालेल्या जखमा प्रसिद्ध आहेत, १९३०च्या दशकात त्याला त्यापायी बरेच महिने वादन थांबवावं लागलं होतं. ओठ सुन्न पडले किंवा आत टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी पेटी बंद करा. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, माउथपीस शोधत बसू नका.

जुन्या काळी उथळ माउथपीस नव्हते. तेव्हा एवढं उंच कसं वाजवत?

मला आवडणारा प्रश्न. योहान सेबास्टियान बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो या रचनेत ट्रम्पेट आजच्या लिहिलेल्या हाय जीच्याही वर, प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या जीपर्यंत जातं, म्हणजे सुमारे १,५६८ हर्ट्झ (आजच्या पट्टीने). वॉल्व्हचं पेटंट १८१८ चं, म्हणजे हे सगळं बिनवॉल्व्हच्या लांब नळीवर. आणि त्या काळचे माउथपीस आजच्या मानाने रुंद, सपाट रिमचे असत. वादक मात्र आयुष्यभर फक्त वरचा भागच वाजवायला तयार झालेले असत. आज हीच कृती बहुतेक जण पिकोलो ट्रम्पेटवर वाजवतात. त्याची नळी नेहमीच्या ट्रम्पेटच्या निम्मी, म्हणून सूर एकमेकांपासून दूर पडतात आणि चुकण्याची शक्यता कमी होते. पिकोलोने ओठांची उंची वाढत नाही, नेम सुधारतो.

अमुक प्रसिद्ध वादक वाजवतो तोच घेऊ का?

त्याचे ओठ आणि दातही मिळत असतील तर जरूर घ्या.

सोन्याचा मुलामा, जाड आणि जड माउथपीस, प्लॅस्टिकचा माउथपीस?

चांदीचा मुलामा नेहमीचा. सोन्याचा ओठांना मऊ आणि निसरडा लागतो, चांदीने ज्यांच्या ओठांना खाज सुटते त्यांना तो उपयोगी. उंचीशी याचा संबंध नाही. जड माउथपीस काहींना स्थिर वाटतो, काहींना मेलेला. प्लॅस्टिकचा थंडीत ओठांना बोचत नाही, एवढा गुण नक्की.

जुना, वापरलेला माउथपीस घेताना काय बघावं?

शँकचं टोक गोल आहे का ते आधी बघा. खाली पडून ते थोडं जरी चेपलं असेल तरी हवा आणि गॅप दोन्ही बिघडतात. मुलामा उडून पितळ दिसत असेल तर पुन्हा मुलामा दिल्याशिवाय ओठांना लावू नका. उजेडाकडे धरून आरपार बघा. कुणी घसा मोठा करून घेतला असेल तर भोकाच्या कडेला ड्रिलचे ओरखडे दिसू शकतात. आणि कोमट पाण्यात साबण घालून ब्रशने आतून घासा. घाण साठून घसा अरुंद झालेले माउथपीस मी पाहिलेत, त्यात माझाही एक होता. तुमचा सध्याचा माउथपीस शेवटचा कधी घासला होता? आधी तो घासून वाजवा, नवा घ्यायचं उद्या बघू.